तीन हिवाळे अडलेली खेळी

मी एक जुना, खिशात मावणारा बुद्धिबळाचा पट आहे. मित्रांनो, माझी गोष्ट एका पत्रापासून सुरू करावी लागेल. ते पत्र आले, पण त्याला उत्तर गेले नाही. खरे तर ते माझ्या मालकाला, तिवदारला आले होते आणि उत्तर त्यानेच द्यायचे होते. पण तीन हिवाळे ते माझ्याच झाकणाखाली घडी करून पडून होते, त्यामुळे ते काम आपल्याकडेच अडले आहे असे मला वाटू लागले. हे सगळे मला नीट सांगता येईल का, याची शंकाच आहे. मी पुस्तकांच्या घरात वाढलो खरा, पण बोलणाऱ्यांत नाही, ऐकणाऱ्यांत. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

मला घडवले ते वेंडेलने. हंगेरीतल्या द्युला गावात तो लाकूडकातारी होता, लाकूड कातून वस्तू घडवणारा. काळ्या घरांसाठी त्याने अक्रोडाचे लाकूड घेतले, पांढऱ्यांसाठी नासपतीचे. प्रत्येक घराच्या मधोमध बारीक भोक पाडले आणि प्रत्येक सोंगटीच्या तळाला बारीक खुंटी कोरली. भोकात खुंटी बसली की गाडी हलो, घोडागाडी उधळो, डाव जागचा हलत नाही. हे सगळे त्याने एका मित्रासाठी केले. तो मित्र म्हणजे तिवदार, शेजारच्या गल्लीतला पुस्तके बांधणारा पोरगा. तो इतका लाजाळू, की दुकानात कोणी शिरले की आधी खळीच्या भांड्यात डोके घाली. वेंडेलला बुडापेस्टच्या फर्निचर कारखान्यात काम मिळाले, तेव्हा स्टेशनवर त्याने मला तिवदारच्या हाती दिले आणि म्हणाला, "तू काही तोंडाने बोलणारा नाहीस. निदान सोंगट्यांनी बोल."

तेव्हापासून पत्रांतून डाव सुरू झाले. कार्डावर एक खेळी आणि एक ओळ, एवढेच. 'उंट मागे घेतला. इथे पाऊस.' 'हत्ती मधल्या ओळीत. मुलगी झाली.' वेंडेलचे कार्ड आले की तिवदार माझ्यावर त्याची खेळी मांडे आणि मग दिवसेंदिवस मला मांडीवर घेऊन बसे. उत्तराच्या त्या एका ओळीसाठी चार कागद फाडी. तिकीट मात्र त्याची बायको अरांका चिकटवी, कारण त्याच्या हातून ते नेहमी तिरके बसायचे. त्या काळात माझा थाट होता. दर वसंतात मला मेण लागायचे. गावातले लोक मला हातात घेऊन म्हणायचे, "काय कातकाम आहे!" एकदा नदीकाठच्या जेवणात माझा एक काळा घोडा गवतात हरवला. तिवदारने काडेपेटीची काडी घेतली, तिला बांधणीचा लाल दोरा गुंडाळला आणि ती घोड्याच्या भोकात खोचली. ती काडी पुढे इतकी वर्षे घोडा म्हणून धावली, की तिला कोणी काडी म्हटले तर मलाच राग येई.

मग तो डाव आला. तिवदार पांढऱ्या सोंगट्यांनी खेळत होता आणि आयुष्यात कधी नव्हे इतका चांगला खेळत होता. डाव रंगात असताना वेंडेलचे कार्ड नव्हे, चक्क पत्र आले. त्यात लिहिले होते, 'घोडा तुझ्या दारात आणून बांधलाय. घ्यायचा तर घे. आणि आता पत्रं पुरे, एकदा इकडे ये. बागेतल्या स्नानगृहाच्या गरम पाण्यात बसून पुढचा डाव खेळू.'

तिवदारने तो काडीचा घोडा सांगितलेल्या घरात खोचला आणि माझे झाकण लावू लागला. नेमके तेव्हाच राजाशेजारचे एक पांढरे प्यादे निसटून जमिनीवर पडले. त्याचे भोक झिजून सैल झाले होते. चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता. तिवदारने चाचपत प्यादे उचलले आणि भोकात बसवले, पण एक घर मागे.

मित्रांनो, एका घराने काय होते ते सांगतो. राजाच्या पुढे त्याचीच प्यादी भिंतीसारखी उभी असतील आणि शत्रूचा हत्ती मागच्या ओळीत घुसला, तर राजा आपल्याच घरात कोंडून मरतो. म्हणून जाणता खेळाडू वेळेवर एक प्यादे एक घर पुढे सरकवतो. ती राजाची खिडकी. तिवदारने ती कितीतरी कार्डांपूर्वी उघडून ठेवली होती. आता त्याच्याच हाताने ती बंद झाली. घोडा घेतला तर मात, नाही घेतला तरी मात. मला सगळे दिसत होते. पण लाकडाला तोंड नसते.

तिवदार दिवसामागून दिवस बघत राहिला. 'मी एवढी साधी चूक कशी केली?' असे स्वतःशीच पुटपुटत राहिला. डाव पुन्हा पहिल्यापासून मांडून बघावा, तर रचलेल्या सोंगट्या उपटाव्या लागतील. ते करायला तो धजेना. 'हरलो' असे लिहावे, तर आयुष्यातला सर्वांत चांगला डाव एका शब्दात संपेल. तेही करायला धजेना. महिने गेले. मग उशिराची लाज वाटू लागली, आणि लाजेने आणखी उशीर झाला. त्याने स्वतःवर शंका घेतली, वेंडेलला आता आपली आठवण तरी असेल का अशीही शंका घेतली. माझ्यावर मात्र एकदाही घेतली नाही. मला मेण लागणे बंद झाले. माझ्या बिजागऱ्या करकरू लागल्या.

तिसऱ्या हिवाळ्यात अरांकाचा नामदिन जवळ आला. पंचांगात ज्याच्या नावाचा दिवस असतो, त्याने त्या दिवशी मागितलेले आमच्याकडे नाकारत नाहीत.

"मला दोन दिवस बुडापेस्ट हवंय," अरांका म्हणाली. "लग्नानंतर एकदा नेलंस, तेव्हा धुकं होतं. मला अजून पलीकडचा काठ बघायचाय."

"इतक्या लांब? थंडीत?"

"पासष्टी उलटली की गाडी फुकट. सरकार जा म्हणतंय, आणि नवरा नको म्हणतोय! आणि जाऊच तर वेंडेलच्या त्या पाण्यातही जाऊ."

"गरम पाणी आपल्या गावातही आहे, अरांका."

"आहे. पण त्यात वेंडेल नाहीये."

तिवदार हळूच म्हणाला, "येतो. पण त्या पाण्यात नको. काय तोंड दाखवू त्याला?"

"ते तिथं बघू," म्हणत अरांका पिशवीत सॉसेज भरू लागली. द्युलाचा माणूस सॉसेज घेतल्याशिवाय घराचा उंबरा ओलांडत नाही, मग तो दोन दिवसांसाठी जात असला तरी. तिवदारने तिच्या नकळत मला कोटाच्या आतल्या खिशात सरकवले.

गाडीतून उतरल्यापासून मला शहर कानांनीच कळत होते. ट्रामच्या चाकांचा लांबलचक सूर, फरशीवर कुरकुरणारा बर्फ, घंटा. पण तिवदारला जिथे बाक दिसे तिथे तो बसे आणि मला उघडे. मग मला आभाळ दिसायचे आणि त्या आभाळाला टेकलेले शहर दिसायचे. काय शहर होते ते! डॅन्यूबवर बर्फाच्या लाद्या हळूहळू वाहत होत्या. पलीकडच्या काठाला बुडा भागाची टेकडी, तिच्या अंगाखांद्यावर राजवाड्याच्या खिडक्या. अलीकडे संसदेचे सुळके, जणू कोणा काताऱ्याने जन्मभर एकच सोंगटी कोरावी तसे. मी कातकामातला आहे, उगाच कौतुक करत नाही. एवढा दगड एवढ्या हलक्या हाताने चढवलेला मी कधी पाहिला नव्हता. मला वाटले, हे बघायला डोळे असलेल्या माणसाने माझ्याकडे का बघावे?

अरांकालाही तेच वाटत होते.

"तिवदार, नदी तिकडे आहे. तुझ्या मांडीवर नाही."

"हं."

"ती पिवळी ट्राम बघ, अगदी पाण्याच्या कडेनं चाललीय. बघितलीस?"

"बघितली," तो मान वर न करता म्हणाला.

पुलाच्या तोंडाशी दगडी सिंह होते. त्यांच्या आयाळीत बर्फ साचला होता. अरांका खाली उभी राहून एका सिंहाच्या जबड्यात डोकावत होती.

"ह्यांना जीभच नाही म्हणतात. कारागीर विसरला."

"जीभ आहे," तिवदार म्हणाला. पुस्तकातली गोष्ट निघाली की त्याला जरा धीर येई. "खालून दिसत नाही, एवढंच."

"अगदी तुझ्यासारखं! चाळीस वर्षं मी पण खालूनच बघतेय."

तिवदार हसला. पण हसता हसता त्याचा हात पुन्हा खिशाकडेच आला. टेकडीवरच्या मिठाईच्या दुकानात अरांकाने जर्दाळूच्या मुरंब्याचे तळलेले फुगीर गोळे मागवले. सणाचे दिवस होते, दुकानात पिठीसाखरेचा धूर उडत होता. तिच्या नाकाच्या शेंड्यावर साखर लागली आणि समोरच्या खिडकीत नदीपलीकडचा सगळा पेस्ट भाग दिव्यांनी उजळत गेला. ती म्हणाली, "बघ ना रे, धुकं नाहीये." तिच्या आवाजात या वेळी टोमणा नव्हता. तिवदारने माझ्यावरून मान उचलली, क्षणभर त्या दिव्यांकडे पाहिले आणि म्हणाला, "घोडा घेतला तर तीन खेळ्यांत मात आहे, अरांका."

तिने आपल्या नाकावरची साखर पुसली. मला माझ्या अक्रोडाची लाज वाटली.

ते उतरले होते गिझीबाईंच्या घरी. गिझीबाई पाहुण्यांना खोली देत आणि घर इतके लख्ख ठेवत, की पावलांचा ठसा उमटला तर त्यालाही त्या घडी घालून कपाटात ठेवतील असे वाटे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिवदार मला टेबलावर उघडाच विसरला आणि दोघे नाश्त्याला गेले. गिझीबाई झटकणी घेऊन आत आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहून जिभेने चक् केले. "काय हा पसारा," म्हणाल्या, आणि एकेक सोंगटी उपटून, फुंकर मारून, ओळीने लावू लागल्या. हत्ती, घोडा, उंट. डब्यातल्या मेलेल्या सोंगट्यासुद्धा त्यांनी उठवून उभ्या केल्या. लाल दोऱ्याची काडी तेवढी त्यांनी कचऱ्यात टाकली. तीन हिवाळे जपलेला डाव बघता बघता नाहीसा झाला.

तिवदार आत आला आणि दारातच थांबला.

"लावून ठेवलं हो सगळं!" गिझीबाई उत्साहाने म्हणाल्या. "कुणीतरी खेळून तसंच टाकलं होतं. माझ्या घरात पाहुण्याची वस्तू अशी अस्ताव्यस्त राहायची नाही. एक घोडा तेवढा कमी आहे तुमचा."

तिवदारचे ओठ हलले. "धन्यवाद," तो म्हणाला.

गिझीबाई गेल्यावर अरांकाने त्याच्याकडे पाहिले. "धन्यवाद? धन्यवाद म्हणालास?"

"त्यांनी कष्ट घेतले." तो पलंगावर बसला. "बरंच झालं म्हण. आता उत्तर द्यायचा प्रश्नच उरला नाही."

"डाव डोक्यात आहे ना तुझ्या?"

"पहिल्या खेळीपासून आहे."

"मग लाव पुन्हा."

"इथं नको, त्यांना पुन्हा पसारा वाटेल."

"बरं, इथं नको." अरांकाने त्याचा कोट उचलला, मला टॉवेलात गुंडाळले. "पाण्यात लाव. आज माझा नामदिन आहे, म्हाताऱ्या. नाही म्हणायचं नाही."

बागेतले ते स्नानगृह पिवळे होते, एखाद्या महालासारखे. मधल्या उघड्या तलावातून वाफेचे लोट उठत होते आणि वरून बर्फ पडत होता. बर्फ पाण्यापर्यंत पोचतच नव्हता, वाफेतच विरत होता. अंगावर फक्त चड्डी आणि डोक्यावर लोकरीची टोपी अशी म्हातारी माणसे छातीभर पाण्यात उभी राहून शांतपणे बुद्धिबळ खेळत होती. एखाद्याच्या भुवईवर बर्फ साचे आणि तो तसाच विचार करत राही. मला इतका आनंद झाला! माझ्या जातीच्या वस्तूंना इतक्या मानाने वागवणारी जागा जगात असेल, असे मला वाटले नव्हते.

तिवदार मात्र खांबाआडून बघत होता. "नाहीये तो. चल जाऊ."

"चेहरे तरी बघ आधी." अरांका पाण्यात उतरली आणि भर तलावात तिने हाक दिली, "वेंडेल आहे का इथं? वेंडेल, लाकूडकातारी?"

एका पांढऱ्या मिशीवाल्या अगडबंब माणसाने पटावरून मान वळवली. त्याचे नाव केलेमेन, हे पुढे कळले. "वेंडेलला कोण विचारतंय?"

"आम्ही. द्युलाहून आलोय."

केलेमेनने हातातला उंट पाण्यातच सोडला. "द्युला? थांबा, थांबा. तो खांबामागचा थरथरणारा माणूस... तिवदार तर नव्हे?"

तिवदारला खांबाआडून बाहेर येऊन पाण्यात उतरावेच लागले.

"अरे, उतरला! द्युलाचा तिवदार पाण्यात उतरला!" केलेमेन ओरडला आणि सगळ्या टोप्या वळल्या. "वेंडेलच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, गेल्या वर्षी मुलीकडे पेच शहरात राहायला गेला. पण दर महिन्याला त्याचं कार्ड येतं, आणि त्यात एकच प्रश्न. द्युलाचा तिवदार आला का?"

"तो... रागावला असेल," तिवदार म्हणाला.

"रागावला? आम्ही त्याला म्हणायचो, तुझा मित्र मेला असेल बाबा. तर म्हणायचा, मेला असता तर त्याच्या बायकोनं कळवलं असतं, ती नीटनेटकी बाई आहे. तो विचार करतोय. असा विचार करणारा खेळाडू तुमच्या सगळ्या तलावात नाही!" केलेमेन जवळ सरकला. "तीन वर्षं आम्ही तुझ्या विचाराची कीर्ती ऐकतोय, गड्या. आता दाखव तरी काय विचार केलास."

तिवदारचा चेहरा लाल झाला, पाण्याने की लाजेने कोण जाणे. त्याने मला टॉवेलातून काढून तलावाच्या दगडी काठावर ठेवले. आता पळायला वाट नव्हती.

"घोडा नाहीये एक," तो म्हणाला.

अरांकाने केसांतली पिन काढून माझ्या रिकाम्या भोकात खोचली. "हा घे. मांड आता."

तो पहिल्या खेळीपासून डाव मांडू लागला. पांढरे, काळे, पांढरे. त्याची बोटे आधी अडखळत होती, मग धावू लागली. केलेमेन मधूनच "वा!" म्हणे, "हा उंट बघा, कसा लपून बसलाय!" वाफेने माझे लाकूड फुगत होते. एरवी मी घाबरलो असतो. पण लाकूड फुगले तसे ते झिजलेले भोकही आवळले, आणि तिवदारने राजाशेजारचे प्यादे एक घर पुढे सरकवले तेव्हा ते तिथे असे घट्ट बसले, जणू वेंडेलने नुकतेच कोरले असावे.

शेवटी त्याने पिनेचा घोडा दारात आणून बांधला. आणि थांबला. चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"हे प्यादं इथं कसं?"

"कसं म्हणजे?" केलेमेन म्हणाला. "आत्ता तूच नाही का सरकवलंस? मघाशी."

"हो. मीच." तिवदारने बोटाने त्या प्याद्याला हलकेच स्पर्श केला. "पण घरी ते मागे होतं. तीन वर्षं मागे होतं." त्याचा आवाज बारीक झाला. "अरांका, खिडकी उघडी आहे. मी उघडली होती. माझी चूक झालीच नव्हती."

"म्हणजे घोडा घेता येतो?"

"घेता येतो!"

केलेमेनने बराच वेळ पटाकडे पाहिले आणि मिशीवरचे पाणी झटकले. "जिंकशीलच असं काही मी म्हणत नाही. वेंडेलचा हत्ती अजून जिवंत आहे. पण खेळ आहे, गड्या, भरपूर खेळ आहे!"

तिवदारने घोडा घेतला. अरांकाने लगेच हात पुढे केला, तो काढलेला घोडा पुन्हा केसांत खोचला, आणि तलावभर हशा पिकला. तेव्हा तिवदारने मान वर केली. त्याने वाफ पाहिली, पिवळे खांब पाहिले, बायकोच्या केसांवर पडणारा बर्फ पाहिला.

"किती सुंदर आहे गं हे," तो म्हणाला.

"कालपासून आहे," अरांका म्हणाली.

संध्याकाळच्या गाडीपूर्वी ते पुन्हा नदीकाठच्या ट्रामने गेले. या वेळी मी खिशात बंद होतो, आणि मित्रांनो, बंद असण्याचे इतके सुख मला कधी झाले नव्हते. बाहेर दोघांचे बोलणे चालू होते. "ती बघ लादी, बर्फाची." "तो बघ, तुझा मुका सिंह."

तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल. तिला वर्षातून एकदा मेण लावा, तिचे सैल झालेले भोक वेळेवर भरा. आम्हाला चूक दिसते, पण सांगता येत नाही. आणि एखादा डाव फारच हरलेला वाटू लागला, तर स्वतःला दोष देण्याआधी तो एकदा पहिल्यापासून मांडून बघा. कदाचित तुम्ही नसाल चुकला. कुठलीशी एक खुंटी निसटली असेल.

स्टेशनवर तिवदारने सिंहाचे चित्र असलेले कार्ड विकत घेतले. केलेमेनने सांगितलेला पेचचा पत्ता लिहिला. मग लिहिले, 'घोडा घेतला. इथे बर्फ.' पेन थांबले. मला कोटाच्या कापडातून त्याच्या काळजाचे ठोके ऐकू येत होते. त्याने आणखी एक ओळ लिहिली, 'पेचला कधी येऊ?'

"हे जास्त तर होत नाही ना?" त्याने विचारले. "दुसऱ्या कार्डावर पुन्हा नीट लिहू का?"

"आण इकडे." अरांकाने तिकीट जिभेवर ओले करून सरळ चिकटवले. "टाक."

लाल पेटीसमोर तो क्षणभर उभा राहिला. कार्ड अर्धे आत, अर्धे बाहेर. मागे गाडीची शिटी झाली.

"तिवदार!"

त्याने बोटे सोडली. पेटीच्या तळाशी कार्ड पडल्याचा बारीक आवाज झाला.

"दिसली बाई एकदाची जीभ," अरांका म्हणाली.